हिमॅटोकॉकस आणि कारा स्पोअर किट: सोलापूरच्या उन्हाळ्यात महिनाभर वापरून (४ स्टार)

हिमॅटोकॉकस आणि कारा ही दोन गोड्या पाण्यातली शेवाळं या किटमध्ये वाळलेली येतात, ती भिजवून रुजवायची. हे किट घ्यायच्या आधी मी खालचे रिव्ह्यू वाचले होते आणि त्यातले बरेचसे एक स्टारवाले होते, "डेड कल्चर पाठवलं", "पैसे पाण्यात", "१० दिवस झाले काहीच हिरवं झालं नाही" वगैरे. तरी मागवलं कारण मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि मुलांना शेवाळाचा स्पोअर (बीजाणू) रुजताना खरोखर दाखवायचा हे माझ्या डोक्यात किती वर्षांपासून होतं, आपण फळ्यावर आकृती काढतो, मुलं ती वहीत उतरवतात, नावं देतात आणि पाच मार्क घेऊन मोकळी होतात, पण ती भिंत फुटते म्हणजे नेमकं काय होतं हे कुणीच बघितलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात माझाही एक स्टारचा रिव्ह्यू टाइप करून झाला होता, फक्त पाठवला नव्हता. आता महिना झाला, दोन्ही सॅम्पल रुजली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांचं कल्चर "मेलंय" त्यांनी फेकून द्यायच्या आधी प्लीज एकदा वाचा.

आधी बॉक्समध्ये काय काय येतं ते. झिप पाउचमध्ये फिल्टर पेपरचे दोन चौकोन, त्यावर विटकरी रंगाचे डाग, म्हणजे वाळलेल्या हिमॅटोकॉकसचे सिस्ट, जाड भिंतीआड झोपलेल्या पेशी. एका छोट्या कागदी पुडीत तळ्याचा वाळका गाळ, त्यात काराचे ऊस्पोअर, म्हणजे काराचे बीजाणू. बोल्ड्स बेसल मीडियमच्या (शेवाळाचं खतच म्हणा) पावडरची एक लिटरची पुडी, दोन ड्रॉपर, खड्ड्याच्या पाच काचपट्ट्या, थोड्या कव्हरस्लिप आणि एक पानाचं इंग्रजी लीफलेट. मला कुरियर धरून ६५० ला पडलं. पॅकिंग खूप काळजीने केलेलं होतं, काचपट्ट्या थर्माकोलमध्ये वेगळ्या ठेवलेल्या, एकही फुटली नव्हती. मायक्रोस्कोप मात्र तुमच्याकडे पाहिजे, यात येत नाही, आमच्या कॉलेजचा साधा १०x आणि ४०x ऑब्जेक्टिव्हवाला आहे तो पुरला.

आता गडबड कुठे झाली. लीफलेटमध्ये लिहिलंय की कागदाचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका, भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा, आणि पाणी हिरवं झालं की मग मीडियम घाला. मी अक्षरशः तसंच केलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, सोलापूर, दक्षिणेकडची खिडकी. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला बाटलीत फिश टँकचं थर्मामीटर घातलं तर पाणी ४१ डिग्री! सात दिवस रोज एक थेंब स्लाइडवर घेऊन बघत होते, गोल गोल लाल गोळे जसेच्या तसे, उलट मला तर ते आधीपेक्षा जास्तच लाल वाटायला लागले. तेव्हाच कुठेतरी डोक्यात आलं की अरे, जास्त लाल होतायत म्हणजे मेलेले नाहीत, ही पेशी तर स्वतःला वाचवतेय.

हिमॅटोकॉकस हे खरं तर हिरवं शेवाळ. गोड्या पाण्यातलं, पावसाच्या डबक्यात, खडकाच्या खळग्यात, पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो त्या भांड्यात येणारं. सगळं बरं चाललेलं असतं तेव्हा ते हिरवं असतं आणि दोन फ्लॅजेला (शेपटीसारखे बारीक धागे) हलवत पोहतं. डबकं आटायला लागलं, ऊन कडक झालं, पाण्यातलं नायट्रेट संपलं की पोहणं सोडून देतं, जाड भिंत बांधतं आणि आत ॲस्टाझॅन्थिन नावाचं लाल रंगद्रव्य भरून घेतं, ते त्याला कडक उन्हापासून सांभाळतं. (सॅल्मन माशाच्या मांसाला जो गुलाबी-केशरी रंग असतो ना तो याच रंगद्रव्याचा, आणि मेडिकलमध्ये महागड्या कॅप्सूल मिळतात त्याही यातूनच काढलेल्या असतात.) म्हणजे कडक ऊन, गरम पाणी आणि नायट्रेटचा पत्ता नाही, या तीन गोष्टींनी ही पेशी झोपी जाते. आणि लीफलेट काय सांगतंय? कडक उन्हात ठेवा आणि खताशिवायच्या पाण्यात ठेवा. अहो झोपवायची रेसिपी आणि उठवायची रेसिपी एकच कशी असेल! मीडियम आधी पाहिजे, हिरवं झाल्यावर नाही. यातलं सोडियम नायट्रेट, लिटरला पाव ग्रॅम असतं साधारण, तोच तर त्याला उठायचा निरोप आहे. बीला नुसतं पाणी मिळालं तरी रुजते कारण तिच्या पोटात शिदोरी असते, हे तसं नाही, याला बाहेर खायला आहे याची खात्री लागते.

मग मी दुसरा चौकोन काढला, त्यातला अर्धा जपून ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याचे कात्रीने सहा बारके तुकडे केले, नखाएवढे, आणि जॅमच्या सहा रिकाम्या बाटल्यांत टाकले. बाटल्या आधी उकळून घेतल्या होत्या. मुलांनाच सांगितलं की लेबलं तुम्ही लावा आणि नोंदवही तुम्ही ठेवा, सुट्टी लागली होती तरी पाच-सहा जण रोज सकाळी यायचे.

पहिली बाटली लीफलेटप्रमाणेच, डिस्टिल्ड वॉटर आणि ऊन. दुसरीत मीडियम पण जागा उन्हाचीच. तिसरी मीडियम आणि सावली, म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये माठ आहे त्याच्या शेजारी ओल्या गोणपाटावर, वर ट्यूबलाइट, तिथे पाणी दिवसभर २६-२७ च्या आसपास राहिलं. चौथी त्याच जागी पण नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये. पाचवी मीडियम घालून कपाटात, पूर्ण अंधारात. सहावी सावलीतच पण मीडियम बोअरच्या पाण्यात कालवलेलं.

तिसऱ्या बाटलीत तिसऱ्या दिवशी सकाळी पोहणाऱ्या पेशी होत्या. दोन दिवसही पूर्ण झाले नव्हते हो, जवळजवळ ४० तास. उन्हातल्या दोन्ही बाटल्यांत आठवडाभर काही नाही, मीडियम असूनही नाही, म्हणजे खत देऊन भागत नाही, तापमान आडवं आलं की आलंच. चौथीत चार दिवसांनी मोजक्या दोन-चार पेशी हलताना दिसल्या आणि मग तिथेच थांबलं. कपाटातल्या बाटलीत चार दिवस लाल ते लालच, पाचव्या दिवशी ती बाहेर काढून माठाशेजारी ठेवली तर आठव्या दिवशी सकाळी रुजली. म्हणजे प्रकाश पाहिजेच, फक्त तो सौम्य पाहिजे, आपण वाचायला बसतो तेवढा उजेड बस झाला.

ज्या मुलीने तिसरी बाटली पहिल्यांदा बघितली ती मायक्रोस्कोपवरून मान वर न काढताच ओरडली, "मॅडम, हलतंय!" मी म्हटलं बाळा धक्का लागला असेल, पाणी हलत असेल. "नाही मॅडम, एकच हलतंय, बाकीचे गप आहेत." मी बघितलं तर खरंच. नंतर आम्ही दोन तास एकाच स्लाइडवर बसून होतो, कडेने थेंब थेंब मीडियम सोडत, आणि जे दिसलं ते लिहिते कारण एवढ्यासाठीच हे किट घ्यावं.

सिस्ट म्हणजे एक गोल लाल मणी, भिंत जाड, कडेला काचेच्या बांगडीसारखी चमक. रुजायला लागला की आधी कडेकडेने हिरवा होतो, लाल रंग मध्यभागी गोळा होत जातो, डाळिंबाच्या दाण्यात मधे बी दिसते तसा. मग आतला गोळा दोनात विभागतो, मग चार, आम्ही एकात आठ मोजले. आतले तुकडे वळवळायला लागतात, भिंत अजून तशीच असते, असं वाटतं की पिशवीत कुणीतरी कूस बदलतंय. मग भिंत एका बाजूने पातळ होऊन फाटते आणि एक एक करून बाहेर. बाहेर आलेल्या पेशीच्या पोटात अजून लाल ठिपका असतो, बाजूने हिरवी, आणि ती सरळ जात नाही, स्वतःभोवती गिरक्या घेत जाते. आयोडिनचा एक थेंब कडेने सोडला की पेशी मरते पण तिचे दोन फ्लॅजेला स्वच्छ दिसतात, एरवी साध्या मायक्रोस्कोपखाली ते शोधूनही सापडत नाहीत. अजून एक खूण सांगते, वाढलेल्या पेशीत आतला हिरवा भाग भिंतीला चिकटलेला नसतो, मधे पारदर्शक पोकळी असते आणि तिच्यातून बारीक दोरे भिंतीपर्यंत गेलेले असतात. हे दिसलं की समजायचं आपल्याच कागदातून आलंय, बाहेरून काही शिरलेलं नाही.

पाण्याबद्दल थोडं, कारण कितीतरी जणांचं इथेच बिघडलं असणार. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते आपल्यासाठी चांगलंच आहे, पण नुकत्याच उघडलेल्या स्पोअरला ते झेपत नाही. डिस्टिल्ड वॉटर मिळत नसेल तर नळाचं पाणी उकळून, उघडं ठेवून, दुसऱ्या दिवशी वापरा. आणि बोअरचं पाणी अजिबात नको. सहाव्या बाटलीत मी पावडर टाकल्या टाकल्या पाणी दुधाळ झालं आणि तळाला पांढरा साका बसला, पाण्यातला कॅल्शियम आणि मीडियममधला फॉस्फेट एकमेकांना धरून खाली बसले, म्हणजे फॉस्फेट शेवाळाला मिळालाच नाही. त्यात एकही पेशी पोहताना दिसली नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, वर मलमलचं फडकं बांधा, हवा जायला पाहिजे. आमच्या एका मुलाने घरी नेलेल्या बाटलीला झाकण गच्च लावलं होतं, तिला वास सुटला.

आता कारा. इथे धीर पाहिजे, आणि लीफलेटने इथे तर दोनच ओळी लिहिल्यात. "गाळ पाण्यात टाका, १० दिवसांत रोपं दिसतील." असं होत नाही. हिमॅटोकॉकसचा सिस्ट म्हणजे अंगावर पांघरूण घेऊन पडलेली तीच पेशी, पाहिजे ते मिळालं की लगेच उठते. काराचा ऊस्पोअर लैंगिक प्रजननातून आलेला असतो, त्याला खरी सुप्तावस्था असते, सगळं अनुकूल असलं तरी तो लगेच रुजेलच असं नाही आणि सगळे एकदम तर कधीच रुजत नाहीत. ज्या तळ्याचा भरवसा नाही तिथे सगळ्यांनी एकाच पावसावर उडी मारली आणि पाऊस दडी मारून बसला तर वंशच संपेल ना. त्यामुळे काही या वर्षी, काही पुढच्या, काही गाळात वर्षानुवर्षं.

पुडीतला गाळ मी पांढऱ्या बशीत पाण्यात पसरला आणि साध्या भिंगाने शोधलं. ऊस्पोअर डोळ्यालाही दिसतात, तिळापेक्षा कितीतरी बारीक, काळे-तपकिरी, लांबट, आणि भिंगातून बघितलं की अंगावर स्क्रूसारखे आटे. मुलं हे बघून थक्क झाली, मीही झाले, पुस्तकातली ती नागमोडी आकृती आम्ही इतकी वर्षं काढतोय पण आटे इतके रेखीव असतील असं वाटलं नव्हतं. आम्हाला ४६ सापडले. काचेच्या बरणीत चाळलेली माती आणि वाळू मिळून चार बोटं थर केला, २३ स्पोअर वर ठेवले आणि २३ आधीच तीन सेंटिमीटर खाली पुरले, वर शिळं पाणी भरलं, बरणी उत्तरेच्या खिडकीत, ऊन न येणाऱ्या.

१९ व्या दिवशी वर ठेवलेल्यांपैकी एकातून हिरवा केस बाहेर आलेला दिसला. भिंगाने बघितलं तर स्पोअर टोकाला उमललेला, पाकळ्यांसारख्या पाच दातांनी, आणि त्यातून एक हिरवा धागा वर, एक पांढरट धागा खाली मातीत. वरचा प्रोटोनेमा, खालचा ऱ्हायझॉइड. आज ३४ वा दिवस, वरचे सात रुजलेत, पुरलेल्यांपैकी एकही नाही. काराच्या बऱ्याच जातींना रुजायला उजेड लागतो, तोही लाल भागातला, आणि मातीखाली तो पोचत नाही. दुसरीकडे गाळात ऑक्सिजन कमी असणंही त्याला मानवतं, त्यामुळे बरणीत हवेचा पंप लावायची काहीही गरज नाही. एका रोपाला आता छत्रीच्या काड्यांसारखी पहिली चक्राकार फांदी फुटलीय. बोटाला ते थोडं खरखरीत लागतं, चुना साठतो ना अंगावर, आणि उग्र लसणीसारखा वास आहे, तो ज्याने तळ्यात कारा उपसलाय त्याला लगेच ओळखू येईल.

विक्रेत्याला मी फोन केला होता, पुण्यातलं छोटं घरगुती काम आहे असं दिसतंय. फोनवरच्या काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, आम्ही टेस्ट करतो ते एसीच्या खोलीत, लाइटच्या रॅकवर. उन्हाळ्यात सोलापूरला काय होतं ते आम्हाला कोण सांगणार?" मी म्हटलं मी सांगते, आणि बाटल्यांच्या नोंदवहीचे फोटो पाठवले. त्यांनी लीफलेट बदलतो म्हणालेत आणि मराठीतही काढतो म्हणालेत. एक स्टार मी त्या लीफलेटचाच कापलाय, कल्चरचा नाही. नवीन लीफलेट आलं की हा रिव्ह्यू बदलीन.

आणि मला हे मनापासून वाटतं की असं किट विकणाऱ्यांनी परदेशातल्या सूचना उचलून देऊ नयेत. थंड देशात "उबदार, उन्हाची खिडकी" म्हणजे २० डिग्री, आपल्याकडे तेच शब्द म्हणजे भट्टी. आपल्या गोड्या पाण्यातल्या शेवाळाची अर्धी गोष्टच उन्हाळ्याची आहे. ओढ्यातला स्पायरोगायरा बघा, पाणी कमी व्हायला लागलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे धागे शिडीसारखे जोडले जातात, त्यातून झालेले झायगोस्पोअर (जाड भिंतीचे बीजाणू) तळाला बसतात, ओढा कोरडा पडतो आणि पावसात परत. एम. ओ. पी. अय्यंगारांनी १९३२ मध्ये फ्रिट्शिएला हे शेवाळ जगापुढे आणलं तेही दक्षिण भारतातल्या आटणाऱ्या डबक्यांच्या मातीतलं. भारतातल्या शेवाळाच्या अभ्यासाचे जनक म्हणतात त्यांना. तेव्हा "पाणी आटलं तर काय करायचं, किती दिवस कोरडं ठेवायचं, कधी भिजवायचं" हेच तर लीफलेटमध्ये आधी पाहिजे.

बारीक तक्रारी दोन. ड्रॉपरचं रबर हलकं आहे, एक दुसऱ्याच आठवड्यात फाटलं, औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर वापरला तर चालतंय. आणि मीडियमची पुडी एकच आहे, ती फोडली की ओल धरते, तेव्हा सगळी एकदम एक लिटर पाण्यात करून, उकळून, गार करून फ्रीजमध्ये ठेवा, मला ते महिनाभर टिकलं.

वर्गासाठी घ्यायचं असेल तर हो, नक्की घ्या, ६५० मध्ये ४० मुलांना पुरतं, एक चौकोन दहा बाटल्यांना होतो. घरी मुलांसाठी घेताय तर मायक्रोस्कोप नसेल तर हिमॅटोकॉकसचा उपयोग नाही, नुसतं पाणी लाल-हिरवं झालेलं दिसेल, पण कारा साध्या भिंगावर होतो. फिश टँकवाल्यांनी ग्रीन वॉटरसाठी (शेवाळाने मुद्दाम हिरवं केलेलं पाणी) घेऊ नये, हे फार हळू वाढतं. मागवायचं असेल तर जून उजाडल्यावर मागवा, कुरियरच्या गाडीतही उन्हाळ्यात काय होत असेल कोण जाणे, आणि आत्ताच घेतलं असेल तर पाउच फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

उन्हातल्या पहिल्या बाटलीचं सांगायचं राहिलं. ती मी फेकली नाही. सातव्या दिवशी तिच्यातलं सगळं गरम पाणी हळूच ओतून काढलं, तळाचे सिस्ट नव्या मीडियममध्ये घातले आणि माठाशेजारी ठेवले. ४१ डिग्रीत आठवडा काढलेले ते सिस्ट तिसऱ्या दिवशी रुजले, सगळे नाही, पण एका थेंबात सहज दहा-बारा पोहत होते. उरलेला अर्धा चौकोन सावलीत ठेवलेल्या लिफाफ्यात आहे, तो जुलैत नवीन अकरावी आली की त्यांच्यासमोर भिजवणार.

अपडेट, काराचं आठवं रोप आज सकाळी आलं.